प्रस्तावना : गाजर गवताचं चुलत भावंड

मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये गणपती आणि रॅगवीड साधारण एकाच सुमाराला येतात. ऑगस्टच्या मध्यावर रस्त्याच्या कडेला, बांधकाम रखडलेल्या प्लॉटवर, हायवेच्या उतारावर कमरेएवढं वाढलेलं हे तण फुलायला लागतं आणि रात्रीची थंडी पानं गोठवेपर्यंत त्याचे पराग हवेत असतात. त्यामुळे इथल्या आरतीत टाळ-झांजांच्या जोडीला शिंकाही असतात. पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, तिकडे कधी साधं पडसंही न झालेला एखादा इंजिनिअर लाल डोळे चोळत मला विचारतो, “काका, हे मलाच का?”

असाच एक शेजारी आणि दौंडकडून मुलाकडे आलेले त्याचे वडील यांच्याबरोबर एका संध्याकाळी मी फिरायला निघालो होतो. वडील मध्येच थांबले, वाकले, हात मात्र मागेच ठेवले. “हे तर आपलं काँग्रेस गवत! फूल पांढरं नाही, पण पान तेच.” मग त्यांनी सदऱ्याची बाही वर करून कोपराच्या लवणातली जाड, काळवंडलेली, सुरकुतलेली कातडी दाखवली. मानेवर आणि पापण्यांवरही तेच. गाजर गवत उपटता उपटता अंगाची अशी खाज सुरू झाली की शेवटी शेतात जाणंच सोडावं लागलं. मुलगा शेजारी उभा राहून शिंकत होता.

म्हाताऱ्यांची नजर पक्की होती. पार्थेनियम, म्हणजे आपलं गाजर गवत, आणि अमेरिकेतलं रॅगवीड ही एकाच कुळातली भावंडं. गणपतीच्या हारातली शेवंती आणि झेंडूही त्याच कुळातले. एका भावंडाने बापाची कातडी धरली, दुसऱ्याने लेकाचं नाक. हे पुस्तक ज्या विषयाचं आहे तो सगळा विषय त्या फुटपाथवर माझ्यासमोर उभा होता.

गाजर गवताबद्दल एक गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ असते: ते पी. एल. ४८० या कराराखाली आलेल्या अमेरिकन गव्हातून आलं. आता तारखा पाहा. भारताने तो करार केला १९५६ मध्ये, आणि पुण्यात सापडलेल्या या गवताची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली तीही १९५६ मध्येच. करारावर सह्या होत होत्या तेव्हा गवत पुण्यात रुजून बसलं होतं. अमेरिकन गहू त्याआधीही आला होता, तेव्हा गोष्ट साफ खोटी म्हणवत नाही. पण त्या करारावर ती टांगता येत नाही. आमच्या गावाच्या नावाचंही असंच. जुन्या वाटेवरचा सहावा थांबा, म्हणजे ‘नंबर’चं इंग्रजी आखूड रूप आणि पुढे रोमन सहाचा आकडा, यावरून ‘नोव्हाय’ झालं असं इथे कौतुकाने सांगतात. थांबा कोणी रेल्वेचा म्हणतं, कोणी टोलनाक्याचा. पण गावाला हे नाव मिळालं १८३२ मध्ये. रेल्वे आणि टोलचा रस्ता बऱ्याच वर्षांनी आले. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला अशा सुबक गोष्टींची धास्ती वाटते. रोगांच्या कारणांबद्दलही अशाच गोष्टी घरोघर चालतात: दही खाल्लं म्हणून दमा, रक्त खराब म्हणून इसब, प्रतिकारशक्ती कमी म्हणून सगळंच. यातली शेवटची समजूत मला सर्वांत घातक वाटते. तिच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आधी, फुफ्फुस, त्वचा आणि प्रतिकारशक्ती एका पुस्तकात का, हे सांगायला हवं. दवाखान्याच्या पाट्यांवर ही तीन वेगळी खाती आहेत. शरीराच्या हिशेबात मात्र त्वचा आणि फुफ्फुस ही गावाची वेस आहे. त्वचेचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्याही आत; फुफ्फुसातल्या वायुकोशांचं सत्तरच्या आसपास, आणि त्यांवरून रोज दहा हजार लिटरहून अधिक हवा जाते. धूळ, पराग, धूर, जंतू, मांजराचा कोंडा, सगळं याच वाटेने येतं. वेशीवर जागल्या हवाच. जागल्याचं काम आलेल्या प्रत्येकावर काठी उगारणं हे नाही; पाहुणा कोण, चोर कोण आणि घरचाच कोण हे ओळखणं हे त्याचं काम. या पुस्तकातले बहुतेक रोग त्या ओळखीत झालेल्या चुकीतून निघतात.

ही चूक पहिल्यांदा नीट तपासली ती स्वतः शिंकांनी बेजार असलेल्या एका डॉक्टरने. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीच्या काळात उन्हाळ्यातल्या या त्रासाचं खापर उन्हावर, धुळीवर, सुकलेल्या चाऱ्याच्या वासावर फोडत असत. ब्लॅकलीने एकेक संशयित घेऊन स्वतःवर प्रयोग केले. पराग नाकात घातले, कातडी खरवडून तिच्यावर चोळले, पतंगाला चिकट काच बांधून उंचावरच्या हवेतले परागही मोजले. १८७३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याने कातडी खरवडून केलेला प्रयोग आज ॲलर्जीतज्ज्ञाच्या खोलीत रोज होतो. त्रास नाकाचा, पण प्रश्न विचारायचा हाताच्या कातडीला. ती बरोबर उत्तर देते, आणि ते का, हे कळायला पुढे शंभरेक वर्षं लागली.

१९०२ मध्ये पोर्तिए आणि रिशे यांना दिसलं की समुद्रफुलाचं विष कुत्र्याला आधी थोडं टोचलं तर दुसऱ्या वेळी अगदी अल्प मात्रेनेही ते कुत्रं कोसळतं. संरक्षण वाढण्याऐवजी उलटंच झालं होतं. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या पिर्के यांनी या बदललेल्या प्रतिसादाला ‘ॲलर्जी’ हा शब्द दिला. १९२१ मध्ये प्राउसनित्झ यांनी आपल्या सहकाऱ्याचं, क्युस्टनरचं, रक्तद्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं. क्युस्टनरला मासे चालत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला तर गांध उठली. म्हणजे रक्तात काहीतरी होतं आणि ते एका माणसाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेता येत होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड. अमेरिकेत डेन्व्हरला इशिझाका पतिपत्नींनी १९६६ मध्ये ते पकडलं, तेही रॅगवीडने त्रस्त झालेल्या रुग्णांच्या रक्तात. स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले. हे प्रतिपिंड रक्तातून फिरतं आणि नाक, श्वासनलिका, त्वचा, आतडी अशा सगळ्या ठिकाणच्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. म्हणून नाकाच्या प्रश्नाला हात उत्तर देतो. पराग आला की त्या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन आणि इतर द्रव्यं ओततात. नाकात ओतली तर शिंका, श्वासनलिकेत छातीची घरघर, कातडीत ‘पित्त उठणं’. आपल्याकडे अंगावर पित्त उठलं की आजी गेरू लावायची आणि आमसुलाचं पाणी पाजायची. अशा गांध्या बऱ्याचदा काही तासांत आपोआप जिरतात आणि श्रेय गेरूला मिळतं.

पण दौंडच्या त्या वडिलांच्या अंगात आयजीईचा हा खेळ नव्हता. गाजर गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याला त्यांच्या टी पेशींनी शत्रू ठरवलं होतं. हा प्रतिसाद मिनिटांत येत नाही, दोन-तीन दिवसांनी येतो. म्हणूनच त्याची चाचणी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन आणि चार दिवसांनी वाचतात. १९६३ मध्ये गेल आणि कूम्ब्ज यांनी अशा चुकांचे चार प्रकार मांडले. लेकाची शिंक पहिल्या प्रकारातली, बापाची खाज चौथ्या. ही वर्गवारी आता अपुरी ठरली आहे, तरी नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. या पुस्तकानेही तेच केलं आहे.

या क्षेत्रातली घराणी संगीतातल्या घराण्यांइतकीच भांडकुदळ आहेत. पहिलं मोठं भांडण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. मेचनिकॉफ म्हणायचा, रक्षण करतात त्या जंतू गिळणाऱ्या पेशी. बेरिंग आणि एर्लिख म्हणायचे, रक्तद्रवातली द्रव्यं. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि एर्लिख यांना विभागून देऊन समितीने दोघांची समजूत काढली, आणि दोघेही बरोबर होते. मेचनिकॉफचाच विद्यार्थी हाफकिन मुंबईला आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ही त्या परंपरेची महाराष्ट्रातली शाखा.

या भांडणाचं सर्वांत बोलकं उत्तर मला कुष्ठरोगात दिसतं. आनंदवन आणि तपोवन यांमुळे आपण या रोगाकडे करुणेने पाहायला शिकलो, पण त्याची यंत्रणा फारशी कुणी समजावून सांगितली नाही. हॅन्सनने १८७३ मध्ये जंतू दाखवला. जंतू एकच, रोग मात्र माणसागणिक वेगळा. एका टोकाला पेशींची प्रतिकारशक्ती जोरदार असते. तिथे चट्टे मोजके, जंतू शोधून सापडत नाहीत, पण त्या जोरदार हल्ल्यात नसाच जखमी होतात आणि हात बधिर पडतो. दुसऱ्या टोकाला रक्तात प्रतिपिंडांचा सुकाळ असतो, पण त्यांचा उपयोग शून्य, आणि जंतू कातडीत लाखोंनी माजतात. बधिर हात दोन्हीकडे. प्रतिकारशक्ती ‘जास्त’ की ‘कमी’ हा प्रश्न इथे लंगडा पडतो. क्षयाच्या फुफ्फुसात पडणारी पोकळीदेखील बरीचशी आपल्याच पेशींनी पोखरलेली असते.

मग ॲलर्जी, दमा आणि इसब आताच इतके का वाढले? १९८९ मध्ये लंडनच्या डेव्हिड स्ट्रॅकन यांनी सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती चाळली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागज्वर कमी. लहानपणी जंतूंची ओळख झाली नाही तर जागल्या अडाणी राहतो, असं हे घराणं म्हणतं. या घराण्याचं एक महत्त्वाचं काम आमच्या अंगणात झालं आहे. डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या डेनिस ओन्बी आणि सहकाऱ्यांनी या परिसरातली ४७४ मुलं जन्मापासून सहा-सात वर्षांची होईपर्यंत पाहिली. पहिल्या वर्षी घरात कुत्रं-मांजर नसलेल्या किंवा एकच असलेल्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांची कातडीची चाचणी ॲलर्जी दाखवणारी निघाली. दोन किंवा अधिक प्राणी असलेल्या घरांत १५ टक्क्यांची. हा निबंध २००२ चा. शेजारच्या इंडियाना राज्यातल्या आमिश शेतकऱ्यांच्या घरातली धूळ २०१६ मध्ये तपासली गेली. गाईंच्या गोठ्यात वावरणाऱ्या त्यांच्या मुलांत दमा सुमारे ५ टक्के, तर यंत्रांनी शेती करणाऱ्या हटराइट समाजातल्या मुलांत २१ टक्के.

हे वाचून ‘गावाकडची हवा’ म्हणत गहिवरून येऊ नका. गावाकडे चूलही आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की जन्मात विडी न ओढलेल्यांनाही श्वासनलिका कायमच्या आखडवणारा सीओपीडी होतो, आणि त्यात शेणी-लाकडांच्या धुराचा मोठा वाटा आहे. शेणाचा गोठा मुलाला वाचवतो आणि त्याच शेणाची गोवरी आईची छाती जाळते. मात्रा, वय आणि वाट यांचा हिशेब केल्याशिवाय इथे एक पाऊल टाकता येत नाही.

‘वाट’ हा शब्द मुद्दाम वापरला. नोव्हायमधला जानेवारी डोळ्यांसमोर आणा. बाहेर बर्फ, आत रात्रंदिवस चालणारा हीटर, खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली, आणि सहा महिन्यांच्या बाळाच्या गुडघ्यामागे, कोपरात लालभडक भेगा. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की इसब झालेल्या अनेकांत फिलॅग्रिन या प्रथिनाची जनुकं सदोष असतात, म्हणजे कातडीच्या भिंतीचा गिलावाच पोकळ. त्या भेगांतून अन्नाची धूळ आत शिरली तर शरीर तिला शत्रू समजतं. तेच अन्न तोंडावाटे वेळेत पोटात गेलं तर मित्र. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २००० मध्ये सल्ला दिला होता की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. लंडनच्या गिडिऑन लॅक यांनी ६४० बाळांवर उलट करून पाहिलं आणि २०१५ मध्ये निकाल आला: लवकर शेंगदाणा खाल्लेल्यांत त्याची ॲलर्जी सुमारे ८१ टक्के कमी. आधीचा सल्ला २००८ मध्येच मागे घेतला गेला होता. आता तो उलटाच झाला. मराठी स्वयंपाकघराला हे लगेच उमजावं. आपल्या कोशिंबिरीत, खिचडीत, भरल्या वांग्यात दाण्याचं कूट असतं आणि मिक्सर फिरला की हवेतही असतं. बाळाच्या गालाला भेगा असताना कूट फक्त हवेत आणि ओट्यावर राहिलं, बाळाच्या भाताच्या घासात आलंच नाही, तर ते चुकीच्या वाटेने आत गेलं. अख्खा दाणा मात्र बाळाला देऊ नये, तो घशात अडकतो. आणि इसब जोरात असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आता तो ‘प्रतिकारशक्ती वाढवा’चा धोशा. २०२० पासून काढे, गोळ्या, चूर्णं, सगळ्यांवर ‘इम्युनिटी’ हा शब्द छापला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून निघालेला निकाल काय होता? कोविडच्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले सुमारे एकतृतीयांश मृत्यू टाळले ते डेक्सामेथासोनने, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या स्वस्त स्टेरॉइडने. दम्याचा स्टेरॉइडचा पंप, इसबाचं मलम, सोरायसिसची इंजेक्शनं, सगळी लगामच घालतात. आणि लगाम कुठे घालायचा नाही हेही कळलं पाहिजे. भारतातून येताना आपल्या बॅगांत हमखास एक-दोन ट्यूबा असतात: खाजेवरच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळालेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या. गजकर्णावर ती लावली की खाज थांबते, कारण जागल्या झोपी जातो. बुरशी मात्र पसरत राहते. अशा वापराच्या छायेत भारतात बोकाळलेली, नेहमीच्या औषधाला दाद न देणारी एक गजकर्णाची बुरशी २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही नोंदली गेली. तिच्या शास्त्रीय नावातच भारत आहे: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी.

हा विषय आज निकडीचा का, याला आणखी कारणं आहेत. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर आमच्या डोक्यावर येऊन बसला आणि डेट्रॉईटची हवा त्या दिवसांत जगातल्या सर्वांत वाईट हवांत गणली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परागज्वराने बेजार झालेले श्रीमंत लोक आगगाडीने मिशिगनच्या उत्तर भागातल्या पेटॉस्कीला पळून जात. त्यांची एक ‘वेस्टर्न हे फीव्हर असोसिएशन’सुद्धा तिथे होती. आता १९९५ नंतरच्या नोंदी सांगतात की ४४ अक्षांशाच्या वरच्या भागात रॅगवीडचा हंगाम १३ ते २७ दिवसांनी लांबला आहे, आणि पेटॉस्की त्याच पट्ट्यात येतं. पळायची जागा आक्रसली. दुसरं कारण आपलं, स्थलांतरितांचं. परदेशात जन्मलेली मुलं अमेरिकेत येतात तेव्हा त्यांच्यात ॲलर्जीचे रोग कमी असतात, आणि दहा वर्षं इथे काढली की प्रमाण चढतं, असं २०१३ च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. त्या इंजिनिअरच्या ‘मलाच का?’ला उत्तर हे, की तुलाच नाही. आल्या वर्षी त्रास होत नाही, कारण जागल्याला नवीन पाहुण्याशी वैर धरायलाही काही हंगाम लागतात.

उपचारांची बाजू आशेची आहे. ड्युपिल्युमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये इसबासाठी मंजूर झालं आणि २०१८ मध्ये दम्यासाठी. एकच औषध, एकच रेणवीय कुलूप, आणि कातडी व फुफ्फुस दोन्ही शांत. पाट्यांवरची खाती शरीराला मान्य नसल्याचा याहून चांगला पुरावा नको. किंमत मात्र अशी की विमा नसलेल्याने नुसतं नाव ऐकावं.

हे पुस्तक उपचारांची पोथी नाही. घरगुती उपायांच्या शोधात आलेला वाचक निराश होईल, आणि त्याची मला खंत नाही. लेखकांचा हेतू एवढाच, की रोग ‘कशामुळे’ या प्रश्नाच्या आधी ‘कसा’ हा प्रश्न मराठीतून विचारता यावा. त्यासाठी त्यांनी प्रतिजन, प्रतिपिंड हे रुळलेले शब्द ठेवले, इसब, कोड, धाप, घरघर हे घरातले शब्द परत आणले, आणि जिथे मराठी प्रतिशब्दाने अडखळायला होतं तिथे हिस्टामिनला हिस्टामिनच म्हटलं. हे धोरण मला पटतं. दोन तक्रारी आहेत. सोरायसिसला फारच थोडी जागा मिळाली आहे. आणि मोटारींच्या कारखान्यांनी वेढलेल्या प्रदेशात हे पुस्तक वाचलं जाणार असताना, रंगातल्या आणि फोममधल्या आयसोसायनेटने होणाऱ्या व्यावसायिक दम्यावर स्वतंत्र प्रकरण हवं होतं. पुढच्या आवृत्तीत ते यावं.

वाचकाला एक विनंती. पुस्तक शेवटपर्यंत वाचून होवो न होवो, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला एक साधी वही उघडा. पहिली शिंक कोणत्या दिवशी आली, खिडक्या उघड्या होत्या का, रात्री छातीत घरघर झाली का, कोणती गोळी घेतली आणि किती वेळाने बरं वाटलं, अंगावर काय लावलं, ट्यूबवर काय नाव होतं, सगळं तारखेनिशी लिहा. पहिली कडाक्याची थंडी पडून पानं गोठली की वही बंद करा आणि डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या.

नोव्हाय, मिशिगन